वारंवार विचारले जाणारे प्रश्न: चित्रं, प्रिंट, देव आणि कुरिअर

रोज तेच तेच प्रश्न मेसेजमध्ये येतात आणि मी पोळ्या लाटता लाटता व्हॉईस नोट पाठवत बसते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांबलंय जरा. पैशांचं, कुरिअरचं, फ्रेमचं खालच्या बाजूला आहे, घाई असेल तर सरळ तिकडे जा.

तुम्ही नक्की काय काढता?

देवाधर्माची चित्रं. विठोबा, मुक्ताई, कानबाई, पद्मालयचा गणपती, बुद्ध, मरियम, दर्ग्याची जाळी असं बरंच. पण माझ्या चित्रात देव सहसा एकटा नसतो, त्याच्यासमोर माणसं असतात आणि माझं जास्त काम त्या माणसांवरच असतं. कॅलेंडरवरची भक्त मंडळी आठवा बरं. सोवळं नेसलेला एक बाप्या, शेजारी हिरव्या साडीतली सवाष्ण, दोघं गोरेपान, दोघं धडधाकट. आता मुक्ताईनगरहून पंढरपूरला मुक्ताईची पालखी निघते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा कोण कोण चाललेलं असतं ते. कपाळ मोकळं असलेल्या म्हाताऱ्या, काखेत कुबडी घेतलेला माणूस, केळीच्या बागेत रोजंदारी करणाऱ्या बाया, एखादी तृतीयपंथी ताई, कडेवर पोर घेतलेली आणि नवरा बरोबर नसलेली पोरगी. देवाला हे सगळे चालतात तर चित्राला का चालत नाहीत, एवढाच माझा मुद्दा आहे. देव जसा आहे तसाच ठेवते, गर्दी तेवढी खरी काढते.

तुम्ही स्वतः देव मानता का? की नुसता बिझनेस?

मानते. वारकरी घर आहे, आजी माळकरी होती. आणि बिझनेस पण आहे, दोन्ही एकदम असू शकतं, हार विकणाऱ्याला कोणी विचारत नाही तू देव मानतोस का म्हणून.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली असल्यामुळे शेजारी कायम बदलते. कोणी केरळचं, कोणी बंगालचं, कोणी पंजाबचं, चर्च पण जवळ आणि मशीद पण जवळ. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं अजिबात नाही. एका घरचं पाणी दुसऱ्या घरात चालायचं नाही, हे पण मी त्याच कॉलनीत बघितलंय. त्यामुळे 'सगळे धर्म सारखेच हो' असं म्हणून मोकळं होता येत नाही मला. सारखे नाहीत, प्रत्येकाचे आपापले नियम आहेत, ते आधी समजून घ्यावे लागतात.

मग दुसऱ्या धर्माची चित्रं तुम्ही कशी काय काढता? तुम्हाला काय हक्क?

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे याचं एकच उत्तर आहे, विचारून काढते. आधी कच्चं स्केच त्या धर्मातल्या ओळखीच्या दोन-तीन घरी दाखवते आणि ते म्हणाले नको, तर नको.

मुस्लिम घरांसाठी काढते तेव्हा पैगंबरांचं चित्र काढायचा प्रश्नच येत नाही. आयती पण मी लिहीत नाही. ती लिपी मला न चुकता लिहिता येणार नाही, आणि दुसरं म्हणजे प्रिंट कुठे पडेल, कशात गुंडाळलं जाईल यावर माझा ताबा नसतो. मी जाळी काढते, चादर काढते, चाळीसगावच्या बामोशी बाबांच्या उरुसाची गर्दी काढते, ज्यात कोण कुठल्या धर्माचं हे रुमालावरून पण नक्की सांगता येत नाही.

बुद्धाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मिटलेल्या डोळ्यांचा, ध्यानातला बुद्ध काढून नेला तर एका काकांनी चहा पाजून शांतपणे सांगितलं की ताई, आमच्या घरात उघड्या डोळ्यांचा बुद्ध लागतो, बाबासाहेबांना तसाच आवडायचा, जग बघणारा, चालणारा. आणि दशावताराच्या रांगेत बुद्ध बसवलेला तर अजिबात चालत नाही, कारण १९५६ ला नागपूरला दीक्षा घेताना ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. म्हणून माझ्या दशावताराच्या प्रिंटमध्ये नवव्या जागी विठोबा आहे. हे मी काही नवीन काढलेलं नाही, महाराष्ट्रातल्या काही जुन्या चित्रांत नवव्या जागी विठोबाच सापडतो. तर 'तुमच्या दशावतारात चूक आहे' असे जे मेसेज येतात त्यांचं उत्तर पण इथेच झालं.

मरियमला लुगड्यात काढते ते बघून काही लोकांना वाटतं मी फार मोठं धाडस केलंय. नाही हो. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले अँजेलो दा फोन्सेका नावाचे चित्रकार होते, ते स्वतः ख्रिस्ती होते, त्यांनी साडीतली मरियम माझ्या जन्माच्या कितीतरी आधी काढून ठेवलीये. माझ्या चित्रात फक्त लुगडं नवापूरकडच्या बाया नेसतात तसं आहे, आणि बाळ गाईच्या गोठ्याऐवजी शेळ्यांच्या वाड्यात आहे, कारण तिकडच्या ज्या ताईंना मी स्केच दाखवलं त्यांनीच म्हटलं की आमच्याकडे शेळ्याच जास्त.

वारली किंवा पिठोरा स्टाईलमध्ये देव काढून द्याल का? फार ट्रेंडमध्ये आहे.

नाही. पिठोरा हे घरात नवस फेडताना, विधी करून भिंतीवर काढलं जाणारं चित्र आहे, ते काढणारी माणसं ठरलेली असतात, पुजारी असतो, ती पूजाच असते. मी इन्स्टावर बघून ते उचलायचं आणि फ्रेम करून विकायचं हे मला पटत नाही. सातपुड्यात काढणारे लोक आहेत, त्यांच्याकडून घ्या. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या यात्रेला निघालेल्या बायांचं एक चित्र माझ्याकडे आहे, पण ते माझ्या पद्धतीने काढलेलं आहे, पिठोऱ्याची नक्कल करून नाही.

तुमचे देव एवढे काळे का असतात?

विठोबा काळाच आहे ना माय! पंढरपूरला जाऊन या. कॅलेंडरवाल्यांनी त्याला निळा केला आणि मग निळ्याचा हळूहळू पांढरट निळा झाला. राम सावळा, कृष्ण सावळा हे आपण रोज तोंडाने म्हणतो आणि चित्र घेताना 'जरा उजळ करून द्या ना' म्हणतो. उजळ करून देणार नाही, हे आधीच सांगते.

एकदा अजिंठ्याला नुसता हा डोळा ठेवून जाऊन या, आपल्याकडून लांब नाही. लेण्यांमध्ये गव्हाळ, सावळी, काळीभोर, अगदी हिरवट झाक असलेली माणसं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी बसलेली आहेत, राण्या पण सावळ्या आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि बाहेरून आणलेल्या लाजवर्द दगडाचा निळा, एवढ्यात सगळं केलंय त्यांनी. माझ्या ओरिजिनल चित्रांत गेरू आणि काजळी मी स्वतः घोटून वापरते, बाकी ॲक्रिलिक.

कानबाईच्या चित्रात बाईच्या कपाळावर कुंकू नाहीये, राहून गेलं का?

राहून गेलेलं नाही. हा प्रश्न दर श्रावणात येतो म्हणून नीट लिहिते.

बाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात, कानबाई म्हणजे आपल्या खान्देशाचा श्रावणातला सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घराला रंग दिला जातो, पुणे-सुरतेला गेलेले सगळे भाऊबंद गावी येतात, रात्रभर जागरण, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन निरोप. कानबाई म्हणजे नारळ. कित्येक घरांत तो नारळ पिढ्यान् पिढ्या तोच असतो, इतका जुना की शेंडी झिजून वरून गुळगुळीत, तपकिरी काळा झालेला. त्यावर डोळे लावतात, नथ घालतात, हळदीकुंकवाचे थर बसून बसून कपाळाच्या जागी एक उंचवटाच तयार झालेला असतो. तो उंचवटा काढायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिथे रंग सपाट लावून चालत नाही, जाड लावून, वाळवून, पुन्हा लावावा लागतो, म्हणजे खरंच घरात होतं तसंच.

तर माझ्या चित्रात मिरवणुकीत कानबाई डोक्यावर घेतलेली बाई विधवा आहे. 'आमच्यात असं चालत नाही' असा मेसेज येतो. मला माहितीये चालत नाही, मी पण इथलीच आहे. पण मला सांगा, जागरणाला गाणी कोण म्हणतं? रात्री दोन वाजता सुनांचे डोळे मिटायला लागले की गाणं कोण ओढून नेतं? आमच्याकडे तरी कायम म्हाताऱ्या विधवा बायाच, कारण सगळी गाणी त्यांनाच पाठ. देवीला रात्रभर जागवायला त्या चालतात आणि सकाळी डोक्यावर घ्यायची वेळ आली की त्यांना मागे व्हा म्हणायचं, हे मला लहानपणापासून खटकत आलंय. चित्रात तरी मी त्यांना पुढे आणलं.

रोटाबद्दल, म्हणजे कानबाईच्या प्रसादाबद्दल पण विचारतात. रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत, ती चाल मी चित्रात मोडलेली नाही. रोटाचं ताट घराच्या आत, उंबऱ्याच्या पलीकडे दिसतंय बघा. मिरवणूक मात्र गल्लीची असते आणि गल्लीत सगळेच असतात, बँडवाला सलीमभाई टाईपचा माणूस पण असतोच, तो पण काढलाय. सगळंच मोडलं पाहिजे असं माझं म्हणणं नाहीये.

लोक चिडत नाहीत का? भीती नाही वाटत?

चिडतात ना. काही जण शिव्या घालतात, त्यांना ब्लॉक करते. काही जण मनापासून दुखावलेले असतात, त्यांचा फोन घेते. एका कीर्तनकार बुवांनी दिंडीतल्या तृतीयपंथी ताईच्या चित्रावरून अर्धा तास झापलं, मी ऐकून घेतलं, मग मी विचारलं बुवा, चोखोबांची समाधी कुठे आहे, तर म्हणाले महाद्वारासमोर. म्हटलं आत का नाही? त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले चित्र पटलेलं नाही पण बोलणं पटलं. चालतंय की. मला त्यांना चित्र विकायचं नव्हतंच.

आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले होते, ते आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवायचे. म्हणजे हा वाद माझ्या चित्रांनी सुरू केलेला नाही, तो आपल्याकडे आधीपासून चालू आहे आणि त्यात आपल्याकडची माणसं नेहमी एकाच बाजूला नव्हती.

छापलेल्या चित्राची पूजा चालते का?

तुमच्या घरच्या रीतीवर आहे. माझं मत विचाराल तर चालते. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वतीची रंगीत चित्रं गावोगाव पोचली. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांच्या पण घरात त्यामुळे भिंतीवर लक्ष्मी आली. छापील देव हा तसा सगळ्यात कमी भेदभाव करणारा देव म्हणावा लागेल. आजही कित्येक घरांत आजोबांच्या काळातलं ते पिवळं पडलेलं चित्र देवघरात आहे आणि त्याला रोज फूल वाहतात.

मी प्राणप्रतिष्ठा वगैरे करून पाठवत नाही. गुरुजींना विचारून तुम्ही करा किंवा नका करू.

पाळी चालू असताना हात लावला तर चालेल का?

लावा हो. मी काढलंय ना, महिन्याचे सगळे दिवस काढते मी.

कुठल्या भिंतीला लावायचं? वास्तूनुसार सांगा.

वास्तूचं मला कळत नाही. ऊन आणि ओल यांचं कळतं. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापते तिथे नको, बाथरूमला लागून असलेल्या ओल्या भिंतीवर नको, आणि समईच्या अगदी वर नको कारण तेलकट काजळी चढते आणि मग कितीही पुसा ती जात नाही. बेडरूममध्ये चालेल का? माझ्याकडून चालेल.

दिसत नसलेल्या माणसासाठी काही आहे का?

आहे, आणि हे फार कमी लोकांना माहिती आहे. हात लावून बघायची चित्रं मी करते, बोर्डवर जाड पेस्टने रेषा उंच करायच्या, विटेवरचे पाय, कटेवरचे हात, तुळशीची माळ असं सगळं बोटांना कळेल इतकं. हे करताना कळलं की डोळ्यांनी बघायच्या चित्रातल्या निम्म्या रेषा बोटांना नुसता गोंधळ वाटतात, त्या काढून टाकाव्या लागतात, कान, बोटं, कंबरेची वळणं एवढंच ठेवायचं आणि मध्ये मोकळी जागा भरपूर. खाली नाव ब्रेलमध्ये असतं, ते एका अंध शिक्षकांकडून तपासून घेते. काच लावायची नाही, आणि घरातल्या बाकीच्यांनी 'हात नका लावू खराब होईल' म्हणायचं नाही. हात लावण्यासाठीच आहे, मळलं तर ओल्या फडक्याने पुसता येतं. याचे प्रिंट होत नाहीत, प्रत्येक हाताने करावं लागतं, म्हणून दीड-दोन महिने आधी सांगा.

हे एआयने करता का?

नाही. प्रत्येक चित्राचे कच्चे कागद माझ्याकडे आहेत, मागाल तर फोटो पाठवते.

ओरिजिनल, प्रिंट आणि पोस्टर यात फरक काय?

ओरिजिनल म्हणजे मी हाताने काढलेलं, एकच. प्रिंट म्हणजे त्याचं नीट स्कॅन करून ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड कॉटन कागदावर पिग्मेंट शाईने छापलेलं, खाली पेन्सिलने नंबर आणि माझी सही. नंबर म्हणजे १२/५० असेल तर पन्नासपैकी बारावा, पन्नास संपले की त्या साईजमध्ये ते पुन्हा छापत नाही. पोस्टर म्हणजे साध्या आर्ट पेपरवर, सही नसलेलं, नंबर नसलेलं, हॉस्टेलवाल्या पोरापोरींसाठी.

कॉटन कागद का? साध्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल राहतं, तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. आणि साधी डाय शाई उन्हात लवकर उडते, पिग्मेंट शाईचे कण कागदावर बसतात आणि जास्त टिकतात. लॅमिनेशन करू नका, लोक प्रेमापोटी करतात आणि आपल्या मे महिन्यात आतल्या आत फुगे येतात.

ओरिजिनल विकलं की तुमच्याकडे काय राहतं?

स्कॅन राहतं, दोन ठिकाणी. मेजर रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भिंतीवरच्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली त्यात तिथे मांडलेल्या त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. हे वाचल्यापासून मी हार्ड डिस्क बहिणीच्या घरी पण ठेवते.

ताई, हाई कितलाले शे?

ए-फोर पोस्टर १५० रुपये, ए-फोर प्रिंट ४५०, ए-थ्री प्रिंट ९००, ओरिजिनल ६,००० पासून पुढे साईज आणि कामाप्रमाणे. हात लावून बघायची चित्रं ३,५०० पासून. कुरिअर वेगळं.

कमी करा ना थोडं.

प्रिंटमध्ये खरंच कमी होत नाही, कागद आणि शाईच महाग आहे. पण तुम्हाला चित्र मनापासून हवंय आणि जमत नाहीये तर मेसेज करा, कडेला बारीक डाग आलेले किंवा रंग एक शेड गडद आलेले प्रिंट असतात, ते निम्म्यात देते. गाडीवाल्याशी करतो तशी घासाघीस मात्र नको, त्याच्याशी पण नका करू.

ऑर्डर कशी द्यायची, पैसे कसे?

व्हॉट्सॲपवर चित्राचं नाव, साईज, पिनकोड सकट पूर्ण पत्ता पाठवा. यूपीआय किंवा बँक ट्रान्सफर. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केलंय, कारण लोक ऑर्डर देऊन दारात नको म्हणतात आणि जाण्यायेण्याचं भाडं माझ्या अंगावर पडतं.

माझ्या आजीला विठोबासमोर बसवून काढून द्याल का?

हो, आणि अशी कामं मला सगळ्यात आवडतात. फोटो पाठवा, पण फोटोचा फोटो नको. व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला तर फाटतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-थ्री प्रिंट चांगलं यायला साधारण ३,५०० बाय ५,००० पिक्सेल लागतात, मी काढताना एवढे लागत नाहीत पण चेहरा तरी स्पष्ट दिसला पाहिजे. आणि फोटोबरोबर दोन ओळी लिहा, आजी कशी होती, हातात काय असायचं, तंबाखूची डबी होती तर ते पण सांगा, लपवू नका. डबी काढते मी.

ॲडव्हान्स निम्मा. स्केच दाखवते, त्यावर बदल फुकट, रंग लागल्यावर बदल होत नाहीत.

एक कायद्याची गोष्ट, कंटाळवाणी आहे पण वाचा. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून ऑर्डर घेतानाच मी एक छोटं लेखी ठरवते. तुमच्या घरच्या माणसाचा चेहरा असेल तर तुमच्या परवानगीशिवाय मी त्याचे प्रिंट विकत नाही, आणि तुम्ही पण माझी सही काढून ते कुठे छापत नाही. बस एवढंच.

कुठली ऑर्डर घेत नाही?

नेत्याला देवाच्या रूपात. शेठच्या चेहऱ्याचा राम. एका धर्माचा देव दुसऱ्याच्या पायाशी. शोभायात्रेचे भांडणाचे बॅनर. पैसे कितीही असोत.

दोन वेगळ्या धर्मांचं लग्न आहे, पत्रिकेसाठी चित्र मिळेल?

मिळेल. दोन्हीकडच्या घरांतून एकेक माणूस बोलायला लावा माझ्याशी, नुसत्या नवरा-नवरीने ठरवलं तर नंतर काकांना राग येतो आणि फोन मला येतो. सहसा मी देव न काढता दोन्ही घरांच्या दारातलं काहीतरी काढते, इकडचं तोरण, तिकडचा दिवा.

आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर तुमचं चित्र वापरलं तर चालेल?

विचारून वापरलं तर शाळा, वाचनालय, गावातली दिंडी यांना फुकट, नाव तेवढं ठेवा. न विचारता वापरलेलं मला कुठूनतरी कळतंच. मागे एका ठिकाणी कानबाईचं चित्र वापरलं आणि बाईच्या कपाळावर कॉम्प्युटरवर कुंकू लावून टाकलं! चोरीपेक्षा त्याचा राग आला. चित्रात बदल करून माझी बदनामी होत असेल तर हरकत घ्यायचा हक्क कॉपीराइटच्या त्याच कायद्यात कलाकाराला आहे, पण आपण गावातलेच असतो, मी फोन केला, त्यांनी उतरवलं, विषय संपला.

भुसावळमध्ये राहून कोण घेतं तुमची चित्रं? पुणे-मुंबईला का नाही जात?

हे बहुतेक नातेवाईक विचारतात. फैजपूरला १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले होते आणि बांबू आणि इथे मिळेल त्या सामानातून त्यांनी ते अख्खं नगर सजवलं. चाळीसगावला केकी मूस होते, स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून फोटो आणि चित्रं करत बसले, वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत, तो बंगला आज संग्रहालय आहे, जरूर बघा. म्हणजे इथे राहून काम होतं. आणि भुसावळहून रेल्वे कुठेही जाते, पार्सलला बरं पडतं.

पाठवता कसं? किती दिवस लागतात?

प्रिंट आधी बटर पेपरमध्ये, मग जाड पुठ्ठ्याच्या नळीत. ओरिजिनल दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट. जळगाव, धुळे, नंदुरबारला दोन-तीन दिवस, बाकी महाराष्ट्रात चार-पाच, धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यांवर पोस्टानेच पाठवते कारण खाजगीवाले तिथपर्यंत जात नाहीत, तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतात.

एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पाऊस पडेपर्यंत ॲक्रिलिकची ओरिजिनल मी पाठवत नाही. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून जास्त, ॲक्रिलिक मऊ पडून कागदाला चिकटतं. पैसे भरून ठेवा, चित्र तुमच्या नावाने बाजूला काढते, पावसाळ्यात पाठवते.

फुटलं, भिजलं, आवडलं नाही तर?

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. फुटलं भिजलं असेल तर नवीन प्रिंट पाठवते, भांडत नाही. आवडलं नाही तर आठ दिवसांत परत, येण्याचं भाडं तुमचं. ऑर्डर देऊन काढून घेतलेलं परत होत नाही.

फ्रेम तुम्ही देता का?

फक्त भुसावळ-जळगावला हातात घेऊन जाणाऱ्यांना, काच प्रवासात टिकत नाही. तुमच्या गावच्या फ्रेमवाल्याला दोनच गोष्टी सांगा, काच कागदाला टेकू देऊ नको, मध्ये माउंट म्हणजे पुठ्ठ्याची चौकट टाक, आणि मागे तपकिरी चिकटपट्टी थेट कागदावर लावू नको. तो म्हणेल काही होत नाही. होतं.

जुनी, फाटलेली देवाची चित्रं काय करायची? तापीत सोडतो आम्ही.

तापीत नका सोडू. पुलाखाली जाऊन बघा काचा किती साठल्यात त्या. फ्रेम उघडा, काच आणि लाकूड वेगळं करा, ते फ्रेमवाला घेतो. कागद नमस्कार करून पाण्यात भिजवा, लगदा झाला की झाडाच्या बुडाशी मातीत घाला. हे साध्या कागदाचं झालं, चकचकीत प्लास्टिक चढवलेलं असेल तर ते विरघळत नाही. माझ्याकडून घेतलेलं चित्र नको झालं असेल, घरात वाद होत असतील, घर बदललं असेल, तर मला परत पाठवा, मी ते कोणाला तरी देते, बऱ्याच शाळा-वाचनालयांना भिंतीला काहीतरी हवंच असतं.

घरी येऊन बघता येईल का?

येईल, आधी मेसेज करून या. रविवारी नको. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा सहानंतर, दुपारी लाईट गेलेली असते आणि वरच्या खोलीत बसवत नाही. दोन जिने आहेत, चढायला त्रास असेल तर सांगा, चित्रं मी खाली आणते.